आतड्यातील संप्रेरके आणि थकलेले स्वादुपिंड

चाकूर, प्रतिनिधी – मधुमेहावरील नव्या इंजेक्शनांनी वजन उतरते, हे आता बहुतेकांच्या कानावर आले आहे. स्वादुपिंड मात्र त्यामुळे पुन्हा सुधारते काय? या प्रश्नाचे उत्तर अर्धेच होकारार्थी आहे.

तीच साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली, तर स्वादुपिंड कितीतरी अधिक इन्शुलिन सोडते, हे १९६४ मध्ये प्रयोगांतून दिसून आले. भाकरीचा घास आतड्यात उतरताच तेथील पेशी जीएलपी-१ आणि जीआयपी ही संप्रेरके रक्तात सोडतात आणि स्वादुपिंडातील बीटा पेशींना साखरेची आगाऊ वर्दी देतात. अडचण एवढीच, की डीपीपी-४ नावाचे विकर जीएलपी-१ला अवघ्या दोन-तीन मिनिटांत निकामी करते.

यावर दोन तोडगे निघाले. गिला नावाच्या अमेरिकी विषारी सरड्याच्या लाळेत सहज न मोडणारे तत्सम संप्रेरक सापडले. त्यावरून बनलेल्या एक्झेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. सरड्याने मधुमेहींच्या मदतीला यावे, हे नवलच! दुसरा तोडगा, विकरालाच रोखणारी सिटाग्लिप्टिनची गोळी, २००६ मध्ये आला. २०२२ मध्ये भारतातील पेटंट संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली. दोन्ही संप्रेरकांची नक्कल करणारे टिर्झेपाटाइड भारतात २०२५ मध्ये दाखल झाले.

ही औषधे रक्तातील साखर वाढलेली असतानाच इन्शुलिनला चालना देतात, हा त्यांचा मोठा गुण. उंदरांमध्ये तर बीटा पेशींची संख्याही वाढलेली आढळली. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर एक्झेनाटाइड घेणाऱ्यांचे इन्शुलिन स्रवणे चांगलेच सुधारले. पण औषध थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पूर्वपदावर आले.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. दिसायला सडपातळ, पण शरीरात चरबी अधिक, अशी भारतीय देहयष्टी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे मांडली. तरुण वयात टाइप-२ मधुमेह जडलेल्या भारतीयांमध्ये इन्शुलिनची कमतरता हेच प्रमुख कारण असल्याचे त्यांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून २०२२ मध्ये पुढे आले. बीटा पेशीच थकल्या असतील, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? शिवाय भूक मंदावणारे औषध मुळात कृश असलेल्या रुग्णाला मानवेलच असे नाही.

त्यामुळे नवे इंजेक्शन सुरू झाले म्हणून इन्शुलिन परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. तसे एकाएकी कमी केल्याने रक्तात आम्ल साचण्याचे गंभीर प्रकार घडल्याचा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये दिला होता. स्वादुपिंडात स्वतःचे इन्शुलिन कितपत उरले आहे, याचा अंदाज सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून येतो; कृश रुग्णाने औषध बदलण्यापूर्वी तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.