विश्लेषण : परवान्याची बंदूक उघड्या ट्रॅक्टरवरून नेताना नियम काय? चूक कुठे होते?

बिबट्याच्या धास्तीने शेतात बंदूक नेणाऱ्यांसाठी परवाना हा केवळ पहिला टप्पा असतो. घर ते शेत या प्रवासात बंदूक कशी असावी, यालाही नियम आहेत. दार नाही, काच नाही, कुलूप लावायला जागा नाही, अशा ट्रॅक्टरवर ते पाळायचे कसे?

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा जीव गेला. संतप्त ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्यानंतर वन विभागाच्या पथकाने एका बिबट्याला गोळी घालून ठार केले. त्याच वर्षी लोहगाव विमानतळाच्या आवारातही बिबट्या दिसला आणि हा प्रश्न जुन्नर-आंबेगावपुरता राहिलेला नाही, हे पुणेकरांच्या लक्षात आले.

उसाला पाणी द्यायला रात्री जावे लागणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात अशा वेळी बंदुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आधीपासून आहे, ते ती सोबत नेतात. शेतात जायचे वाहन बहुतेक वेळा ट्रॅक्टर असते आणि आपल्याकडचे बहुतांश ट्रॅक्टर केबिन नसलेले, चारही बाजूंनी उघडे असतात. नेमकी इथेच अडचण सुरू होते.

पुणे शहराचा यात काय संबंध?

महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. मांजरी, वाघोली अशा भागांत एका बाजूला गृहसंकुले आणि दुसऱ्या बाजूला अजूनही ऊस-भाजीपाला, असे चित्र आहे. पोलिसांच्या हद्दीही बदलल्या. लोणी काळभोर आणि लोणीकंद ही पोलीस ठाणी २०२१ मध्ये पुणे ग्रामीणकडून पुणे शहर पोलीस आयुक्तालयाकडे आली.

समजा, मांजरीत राहणाऱ्या एखाद्याची शेती दौंड तालुक्यात यवतजवळ आहे. तो ट्रॅक्टर घेऊन सोलापूर रस्त्याने निघाला, तर एकाच फेरीत शहर पोलिसांची हद्द संपून ग्रामीण पोलिसांची सुरू होते. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे परवान्यावरच नमूद असते. पीकसंरक्षणासाठीच्या परवान्यात तर हे क्षेत्र विशेष महत्त्वाचे ठरते. त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वी ती ओळ वाचणे हे पहिले काम.

दुसरी बाब मनाई आदेशांची. सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे नेण्यास मनाई करणारे आदेश निघतात. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीसही येऊ शकते. अशा वेळी ‘मी फक्त शेतावर निघालोय’ हे उत्तर पुरत नाही.

शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळतो का?

मिळू शकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, तीही याच दुरुस्तीने.

मात्र बंदूक बाळगण्याचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या बिबट्याला मारण्याचा आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी स्वरूपात आणि कारणांसह देतात. रानडुकरासाठीही वन विभागाची परवानगी लागते.

रस्त्यावर बंदूक कशी असली पाहिजे?

शस्त्र नियम, २०१६ मध्ये याचे थेट उत्तर आहे. सार्वजनिक ठिकाणी लांब नळीची बंदूक त्यासाठीच बनवलेल्या किंवा तशी जुळवून घेतलेल्या आवरणातूनच न्यायची. ती पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रभावी ताबा हवा. बंदूक मिरवणे, दाखवणे किंवा सार्वजनिक ठिकाणी झाडणे यावर स्पष्ट बंदी आहे. लग्न, जत्रा, मिरवणुकीत असे घडले तर शिक्षेबरोबर परवानाही रद्द होऊ शकतो.

म्हणजे खांद्यावर उघडी बंदूक टांगून ट्रॅक्टरवरून गावातून जाणे, हे गावाला सवयीचे असले तरी नियमात बसत नाही. जुन्या गोणपाटात गुंडाळलेली बंदूक झाकली जाते खरी, पण गोणपाट म्हणजे बंदुकीसाठीचे आवरण नव्हे.

ट्रॅक्टरवर नेमका धोका काय?

मोटारीला चारही चाकांवर स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर असतात. बहुतेक ट्रॅक्टरला ते नसतात. स्प्रिंग असते ती चालकाच्या आसनाखाली. त्यामुळे बांध ओलांडताना किंवा नांगरटीत बसणारा प्रत्येक दणका थेट सांगाड्यात जातो आणि तिथे ठेवलेल्या बंदुकीतही.

अनेक दुनळी बंदुकांमध्ये सेफ्टी लावल्यावर फक्त चाप अडतो. आतला घोडा मोकळाच राहतो. बंदूक भरलेली असेल आणि जोराचा दणका बसला, तर चापाला हात न लावताही ती उडण्याची शक्यता राहते. बाहेर घोडा असलेल्या जुन्या बंदुकीत आणि ठासणीच्या बंदुकीत हा धोका आणखी वाढतो. म्हणून ‘सेफ्टी लावली आहे’ याचा अर्थ ‘बंदूक सुरक्षित आहे’ असा होत नाही.

दुसरा धोका चिखल-मातीचा. नळीचे तोंड खाली करून ठेवलेल्या उघड्या बंदुकीत ओली माती सहज जाते. नळी अशी बुजली असताना बार काढला, तर ती फुटून चालवणाऱ्याच्याच हाताला आणि चेहऱ्याला इजा होऊ शकते.

तिसरा धोका जागेचा. पायाशी ठेवलेली बंदूक क्लच-ब्रेकच्या आड येते. मांडीवर आडवी ठेवली तर स्टिअरिंग अडते. आसन आणि मडगार्डच्या फटीतून ती घसरली तर थेट मागच्या चाकापाशी जाते. पाठीवर टांगली तर उतरताना पट्टा गिअरच्या दांड्यात अडकतो. रोटाव्हेटर जोडलेला असेल आणि लोंबणारा पट्टा फिरत्या पीटीओ शाफ्टजवळ गेला, तर बंदूक बाजूला राहो, माणूसच ओढला जाण्याची भीती असते. ट्रॉलीत पोत्यांखाली ठेवली तर ती चालकाच्या ताब्यातच राहत नाही.

मग न्यायची कशी?

- घरातून निघतानाच बंदूक रिकामी करावी. उघडून, दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहून खात्री करावी. काडतुसे बंद खिशात किंवा कमरेच्या पिशवीत वेगळी ठेवावीत. टूलबॉक्समध्ये पान्यांसोबत टाकू नयेत.
- दुनळी बारा बोअर बंदूक सहसा तीन भागांत सुटते : नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता. हे भाग सोडवून आखूड पेटीत ठेवले, तर पेटी लहान होते आणि दणक्याने बार उडण्याचा प्रश्नच राहत नाही.
- ठासणीची बंदूक भरल्यावर सहज रिकामी होत नाही. त्यामुळे ती शेतात पोहोचेपर्यंत भरूच नये. कॅनडात वाहनातून बंदूक रिकामीच न्यावी लागते. ठासणीच्या बंदुकीला एका शिकारीच्या जागेवरून दुसरीकडे जाताना सवलत आहे, पण तीही ठिणगी देणारी टोपी किंवा चकमक काढून ठेवली असेल तरच.
- पेटी बसवायचीच असेल तर ती चालकाच्या हाताशी, दोन ठिकाणी क्लॅम्पने घट्ट आवळावी. नळीचे तोंड चालकाकडे किंवा मडगार्डच्या दिशेने नको. चालकामागची, ट्रॅक्टर उलटल्यास जीव वाचवणारी लोखंडी कमान असेल तर तिला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये. त्याने कमान कमकुवत होते.
- उतरताना आधी पीटीओ आणि इंजिन बंद करावे आणि मग पेटी सोबत घेऊनच खाली यावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त विसरला जातो. मोटारीला कुलूप लावता येते, उघड्या ट्रॅक्टरला नाही. चालक आसनावर असेपर्यंत पेटी त्याच्या ताब्यात आहे असे म्हणता येईल. तो मोटार सुरू करायला विहिरीवर गेला किंवा टपरीवर चहाला थांबला की हा ताबा संपतो. क्लॅम्पने बसवलेली पेटी पान्याने काही मिनिटांत निघते. थोडक्यात, पेटीची सोय प्रवासापुरती आहे, बंदूक ठेवून जाण्यासाठी नाही.

चालकाच्या हाती बंदूक देता येते का?

मालकाकडे परवाना आणि ट्रॅक्टर चालवतो दुसराच, हे नेहमीचे चित्र. कलम ३ नुसार परवाना नसलेल्या व्यक्तीला बंदूक नेता येते, पण मर्यादित परिस्थितीत. परवानाधारक स्वतः हजर हवा किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला हवा. शिवाय कारण दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर एवढेच असावे लागते. ‘रात्रीचं पाणी द्यायला चाललास, बंदूक घेऊन जा’ असे तोंडी सांगून देणे यात बसत नाही. अशा वेळी चालकावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात दोन ते पाच वर्षांची कैद आणि दंडाची तरतूद आहे. मालकही अडचणीत येतो.

पोलिसांनी अडवले तर कलम १९ नुसार परवाना दाखवावा लागतो. तो नसेल तर शस्त्र जप्त होऊ शकते. परवान्यातील अटींचा भंग झाल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बंदूक हरवली किंवा चोरीला गेली तर विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे.

बिबट्या समोर आला तर?

वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा ठरत नाही, असे म्हटले आहे. पण त्या वेळी ती व्यक्ती कायद्याचे उल्लंघन करत नसावी, ही अट आहे. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. बंदुकीचा परवाना वैध आहे का आणि ती कशी नेली होती, हे प्रश्न चौकशीत येणारच.

आता प्रत्यक्ष परिस्थिती पाहू. नियमाने आणि काळजीने नेलेली बंदूक रिकामी असते, पेटीत असते, कदाचित तीन भागांत असते. उसातून अचानक, अनेकदा मागून येणाऱ्या बिबट्यासमोर ती बाहेर काढून, जोडून, भरून नेम धरण्याइतका वेळ मिळत नाही. आणि तेवढा वेळ वाचवण्यासाठी ती भरून, उघडी ठेवली, तर दणके खाणाऱ्या त्या ट्रॅक्टरवर बिबट्याआधी चालकालाच धोका असतो. अंधारात झाडलेली गोळी शेजारच्या रानात पाणी देणाऱ्यालाही लागू शकते. जखमी बिबट्या तर अधिकच धोकादायक.

म्हणूनच बिबटप्रवण गावांतून दिवसा थ्रीफेज वीज देण्याची मागणी होते. रात्री जावेच लागले तर एकट्याने जाऊ नये, जोराचा टॉर्च सोबत असावा, मोबाइलवर गाणी किंवा बोलण्याचा आवाज चालू ठेवावा आणि उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणे टाळावे. बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा ११२ वर कळवता येते.

थोडक्यात

परवान्याची बंदूक ट्रॅक्टरवरून नेण्यास सरसकट बंदी नाही. रिकामी, योग्य आवरणात पूर्ण झाकलेली, परवानाधारकाच्या ताब्यात आणि परवान्यावरील क्षेत्रातच, या चार गोष्टी पाळल्या तर ती नेता येते. पण या चार गोष्टी पाळून नेलेली बंदूक वाटेवरच्या बिबट्याशी सामना करायला तयार नसते, हेही तितकेच खरे. रात्रीच्या फेरीला ती सोबत घ्यायची की घरी कपाटात कुलूपबंद ठेवायची, हा निर्णय हे लक्षात ठेवूनच घ्यावा.