घड्याळ समोर असूनही

प्रौढ माणसातल्या एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, पहिली लेखी नोंद पुष्कळदा त्याच्या चौथी-पाचवीच्या प्रगतिपुस्तकात सापडते. ‘हुशार आहे, पण धांदरट.’ ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘शेजारणीशी सतत बोलते.’ ‘मनावर घेतल्यास पहिल्या पाचात येईल.’ या विषयाच्या मागे मी बरीच वर्षं आहे. पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे, मालकांच्या परवानगीने, अशी पिवळी पडलेली प्रगतिपुस्तकं पाहायला मिळाली आणि तेव्हापासून या शेऱ्यांनी मला धरूनच ठेवलं आहे. चाळिशीतली माणसं माळ्यावरची ट्रंक उघडून ती शोधून आणतात, कारण डॉक्टर ती मागतात.

मागण्याचं कारण सरळ आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची ‘डीएसएम’ ही निदानपुस्तिका जगभर वापरली जाते. तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. आधी ही मर्यादा ७ वर्षांची होती. लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणं तिथे दिली आहेत. मुलांमध्ये एखाद्या गटातली किमान ६ दिसावी लागतात, वयाच्या १७ पासून पुढे ५ पुरतात. ती सहा महिने तरी टिकलेली असावीत, घर आणि कचेरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, आणि त्यांनी माणसाची खरोखर अडवणूक केलेली असावी. गेल्या दोन वर्षांतच मोबाइलपायी पुस्तकात मन लागेनासं झालं असेल, तर तो प्रश्न वेगळा.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ मध्येच लक्ष भरकटण्याच्या अवस्थेचं वर्णन केलं होतं. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांना अमेरिकेत, उत्तेजक औषधाने अशी मुलं उलट स्थिरावतात असं आढळलं. १९४४ मध्ये लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मेथिलफेनिडेट तयार केलं. त्याची पत्नी रीटा टेनिस खेळण्याआधी ते घेत असे, म्हणून औषधाचं व्यापारी नाव रिटालिन पडलं! मोठेपणी हा त्रास आपोआप जातो अशी समजूत मात्र फार काळ टिकली. अमेरिकेत पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात प्रौढांचा नेटाने अभ्यास सुरू केला, तेव्हा कुठे ती ढासळू लागली. आज जगभरच्या पाहण्यांत प्रौढांमधलं प्रमाण साधारण अडीच-तीन टक्के येतं.

मोठ्या माणसात हे ओळखायला अवघड जातं, कारण बाकावरून उड्या मारणारं मूल मोठं होऊन बैठकीत शांत बसायला शिकलेलं असतं. चंचलपणा आत सरकतो. पाय टेबलाखाली हलत राहतो, पेनाचं टोपण उघडझाप करतं, समोरच्याचं वाक्य हा माणूस स्वतःच पुरं करतो, रांगेत उभं राहणं त्याला शिक्षा वाटते. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांचा शोध रोजचा. फॉर्म भरणं, पावत्या लावणं, अहवाल लिहिणं अशी कंटाळवाणी कामं दिवसेंदिवस पुढे ढकलली जातात, आणि आवडीच्या कामात मात्र हीच व्यक्ती जेवणाखाण्याचं भान हरपून सहा-सहा तास बसते. या दुसऱ्या गोष्टीमुळेच घरचे म्हणतात, ‘आवडीचं असलं की बरं लक्ष लागतं तुझं!’ हा टोमणा मला फार अन्यायाचा वाटतो. लक्ष या माणसांकडे भरपूर असतं; ते हवं तेव्हा हव्या त्या कामाकडे वळवण्याची यंत्रणा कच्ची असते. इच्छाशक्तीला दोष देऊन ती सुधारत नाही.

आता मला सगळ्यात जास्त गुंतवणाऱ्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे वेळ.

या विषयावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या मांडणीत काळाचं भान बोथट असणं अगदी मध्यभागी आहे. प्रयोगशाळेत हे तपासायची एक पद्धत आहे. दिवा काही सेकंद पेटतो, आणि तो जितका वेळ पेटला तितकाच वेळ बटण दाबून धरायचं. एडीएचडी असलेल्यांच्या गटाचा अंदाज यात इतरांपेक्षा जास्त चुकतो. मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर चालणाऱ्या ज्या जाळ्यांचा एडीएचडीशी संबंध जोडला जातो, त्यांचा काळ मोजण्यातही वाटा आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एडमंड सोनुगा-बार्क यांनी आणखी एक पैलू दाखवला: वाट पाहणंच अशा अनेकांना असह्य होतं, म्हणून उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताचा छोटा फायदा ते उचलतात.

हे वाचल्यावर मी भेटलेल्या माणसांकडे नव्याने पाहू लागलो. डोंबिवलीच्या एका बाईंनी मला सांगितलं, ‘माझ्याकडे दोनच वेळा आहेत. आत्ता, आणि नंतर कधीतरी.’ लोकल ८:१२ ची, स्टेशन दहा मिनिटांवर, आणि ८ वाजता त्या आंघोळीला जातात, कारण बारा मिनिटं त्यांना खरोखरच पुष्कळ वाटतात. घड्याळ समोर असतं, आकडाही दिसतो, पण तो अंगाला लागत नाही. एका गृहस्थांच्या खात्यात पैसे असूनही वीजबिल दर महिन्याला विलंब आकारासकट भरलं जाई. आयकराचं विवरणपत्र त्यांना ३१ जुलैच्या रात्रीच सुचतं, आणि त्या रात्री ते विलक्षण वेगाने, बिनचूक काम करतात. मुदत अंगावर आली की ‘नंतर’चं ‘आत्ता’ होतं, एवढाच त्याचा अर्थ. या माणसांना बेफिकीर म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीची त्यांची धडपड एकदा पाहावी.

उपाय त्यामुळे वेळ बाहेर आणून ठेवण्याचे असतात. सरकणारे काटे दिसतात असं भिंतीवरचं घड्याळ, टायमर, दारावर चिकटवलेला कागद. आपल्या स्वयंपाकघरात ही सोय आधीपासून आहे: तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद. अशी शिट्टी दिवसाच्या प्रत्येक कामाला हवी, असं एका गृहिणीने मला सांगितलं.

दुसरा आधार माणसांचा. शेजारी कुणी आपलं काम करत बसलेलं असलं की अनेकांचं स्वतःचं काम पुढे सरकतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं गप्प बसून वाचत असतात. तिथे मला एक नोकरदार भेटला. त्याला कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती. घरी चार महिने अडलेला कचेरीचा अहवाल तो तिथे आठवड्यात संपवत होता.

बायकांचं निदान जास्त उशिरा होतं. मुलींत धिंगाण्यापेक्षा खिडकीबाहेर पाहत बसणं अधिक, आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. पुढे संसार, मुलांचे डबे, सासरची येणीजाणी, नोकरी हे सगळं एकदम अंगावर आलं की घडी विस्कटते. मुलाच्या तपासणीला गेलेली आई प्रश्नावली भरता भरता थबकते आणि विचारते, ‘डॉक्टर, हे तर माझंच आहे ना?’ असं मी एकाहून अधिक डॉक्टरांकडून ऐकलं आहे. त्यात नवल नाही, कारण एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के मानला जातो. निवृत्तांचीही घडी अशीच विस्कटते. कचेरीची वेळ, साहेब, शिपायाने आणून ठेवलेली फाइल हा टेकू निघाला की साठीतला माणूस अचानक सैरभैर होतो, आणि घरच्यांना ते म्हातारपणाचं विसरणं वाटतं. फरक शोधायला पुन्हा लहानपणापर्यंतच जावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली १८ प्रश्नांची प्रौढांसाठीची प्रश्नावली आहे; तिच्यातले पहिले ६ प्रश्न चाळणीचे. त्यांची उत्तरं म्हणजे निदान नव्हे. थायरॉइडचा बिघाड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंतेचा आजार यांतही लक्ष उडतं, आणि यांतलं काही एडीएचडीच्या जोडीने असूही शकतं. म्हणून जायचं ते मानसोपचारतज्ज्ञाकडे. मेथिलफेनिडेट भारतात अमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे; ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, रक्तदाब आणि हृदयाची चौकशी करून दिलं जातं. उत्तेजक नसलेलं अॅटोमॉक्सेटिनही मिळतं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. जोडीला वेळ आणि कामं बांधून घ्यायला शिकवणारे मानसोपचार असतात.

पहिल्या भेटीला जाताना प्रगतिपुस्तकं न्यावीत. ती हरवली असतील, आणि या माणसांकडून ती हरवलेली असण्याचीच शक्यता जास्त, तर आपल्याला लहानपणी पाहिलेल्या आईला, मावशीला किंवा थोरल्या भावाला बरोबर न्यावं. ते शक्य नसेल, तर डॉक्टरांसमोरच त्यांना फोन लावावा.