पोलादपूर ते प्रतापगड : एका चौकोनातला पाऊस

पोलादपुरातून प्रतापगडाकडे नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे १२ किलोमीटर भरते. आंबेनळी घाटाने जायचे तर हेच अंतर वळणावळणांनी कितीतरी वाढते, पण ढगाला घाटरस्ता लागत नाही. रेघेच्या एका टोकाला सावित्रीचे सखल खोरे, दुसऱ्या टोकाला हजार मीटरहून उंच गड आणि त्याच्या पाठीशी सुमारे १,३५० मीटर उंचीचे महाबळेश्वरचे पठार. पुण्यातल्या संगणकावर गेली काही वर्षे जो हवामानाचा अंदाज काढला जात होता, त्याच्या हिशेबात हा अख्खा चढ साधारण एका चौकोनात मावत असे. चौकोन १२ किलोमीटरचा आणि त्याला उंची एकच, सगळ्याची सरासरी काढलेली. गणितात एक असा डोंगर उभा होता, जो सह्याद्रीत कुठेच नाही.

कोकणात या सरासरीची किंमत मोठी आहे. अरबी समुद्रावरून आलेला बाष्पाचा वारा घाटाच्या भिंतीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ओतला जातो. तो किती ओतणार हे त्या भिंतीच्या उंचीवर आणि उभेपणावर ठरते. भिंत बुटकी आणि पसरट केली की कागदावरचा पाऊसही पसरट होतो. जिथे कोसळायचा तिथे कमी दिसतो.

२२ जुलै २०२१ रोजी रायगडला रेड अलर्ट होता. हवामान खात्याने तो दिला होता आणि तो खराही ठरला. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. घाटाच्या पश्चिम अंगाचे पाणी सावित्रीत, सावित्री पोलादपुरावरून महाडात, शहर बुडाले. महाड तालुक्यात तळियेची कोंडाळकरवाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. पण रेड अलर्ट होता जिल्ह्याला. उरण, पनवेलपासून पोलादपूरपर्यंत १५ तालुके, सगळ्यांना एकच लाल रंग. उरणच्या खाडीकाठी आणि तळियेच्या डोंगरउतारावर त्या रंगाचा अर्थ एक नव्हता. जिल्हावार इशारा ही प्रशासनाची सोय आहे हे मान्य. पण त्याहून बारीक सांगायचे म्हटले तरी गणिताची चाळणीच एवढी जाड होती.

चाळणी बारीक का करत नाहीत? इथून गोष्ट प्रोसेसरवर येते.

चौकोन १२ किलोमीटरवरून ६ वर आणायचा म्हणजे एका चौकोनाचे चार होतात. काम चौपट झाले असे वाटते, पण तेवढ्यावर भागत नाही. हे गणित काळाच्या छोट्या छोट्या पावलांनी पुढे जाते आणि एका पावलात वाऱ्याने अख्खा चौकोन ओलांडून चालत नाही, नाहीतर हिशेब कोसळतो. चौकोन अर्धा केला की पाऊलही अर्धे करावे लागते. चार गुणिले दोन, आठ. अंतर निम्मे, काम आठपट. आणि उद्याचा अंदाज परवा देऊन उपयोग नसल्याने हे आठपट काम जुन्याच वेळात किंवा त्याहून लवकर उरकायचे. हवामानशास्त्राला नव्या पिढीच्या प्रोसेसरची भूक लागते ती इथे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, पाषाणला, २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ सुरू झाला. क्रे कंपनीचे यंत्र, वेग सुमारे ४ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला चारावर पंधरा शून्ये इतकी गणिते. आत इंटेलचे झिऑन प्रोसेसर, ब्रॉडवेल पिढीतले, प्रत्येकात १८ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारे भाग. ही पिढी २०१६ मध्ये बाजारात आलेली. त्याचा धाकटा भाऊ ‘मिहिर’ नोएडात, २.८ पेटाफ्लॉपचा. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांचे वारस आले : पुण्याला ‘अर्क’, ११.७७ पेटाफ्लॉप, नोएडाला ‘अरुणिका’, ८.२४. दोन्हींचा मिळून खर्च ८५० कोटी रुपये. यंत्रे फ्रान्सच्या एव्हिडेन कंपनीची, प्रोसेसर एएमडीचे एपिक ७६४३. या पिढीचे नाव मिलान, प्रत्येकात ४८ कोअर. एकच मोठी चकती कोरण्याऐवजी सिलिकॉनचे अनेक लहान तुकडे एका तळावर जोडून हा प्रोसेसर बनतो. लहान तुकडा बिघडला तर तेवढाच टाकून द्यावा लागतो, म्हणून एवढे कोअर परवडतात.

जाहिरातीत कोअर मोजतात. हवामानवाल्यांनी मोजायची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या गणितात एकेका चौकोनासाठी बेरीज-गुणाकार थोडे आणि आकड्यांची ने-आण फार : दाब, तापमान, बाष्प, वाऱ्याच्या दिशा, सगळे मेमरीतून आणायचे, जरासे बदलायचे, परत ठेवायचे. कोअर रिकामे बसतात ते आकडे वेळेवर न आल्यामुळे. प्रत्युषमधल्या प्रोसेसरला मेमरीच्या ४ वाटा होत्या, सेकंदाला कमाल ७६.८ गिगाबाइट. मिलानला ८ वाटा, त्याही अधिक वेगाच्या, कमाल २०४.८. आता भागाकार करून पाहा. ७६.८ भागिले १८ कोअर, आणि २०४.८ भागिले ४८. दोन्ही उत्तरे ४.२७ च्या घरात. पाच वर्षांची पिढी उलटली आणि एका कोअरच्या वाट्याला येणारी मेमरीची वाट तसूभरही रुंदावली नाही. वाढली ती कोअरजवळची साठवण, म्हणजे कॅशे : प्रोसेसरमागे ४५ मेगाबाइटवरून २५६, कोअरमागे अडीचवरून पाचाच्या पुढे. मला विचाराल तर महाड-पोलादपूरच्या दृष्टीने पिढीपिढीतला खरा फरक या शेवटच्या आकड्यात आहे, ४८ मध्ये नाही. कोअर आहेत तेवढे कामाला लावायचे तर आकडे हाताशी हवेत.

तारखांची एक गंमत, जरा कडवट. मिलान पिढी बाजारात आली मार्च २०२१ मध्ये. चार महिन्यांनी तळिये. तीच पिढी पुण्याच्या हवामान-संगणकात कामाला लागली २०२४ मध्ये. आणि अर्कचे उद्घाटन होऊन दोन आठवडे होतात तोच, १० ऑक्टोबरला, एएमडीने ट्युरिन पिढी आणली. तिच्यातल्या सर्वांत दाट प्रोसेसरात १९२ कोअर. दरम्यान जेनोआ नावाची एक अख्खी पिढी येऊन गेली होती. सरकारी निविदा, करार, जहाज, इमारत, वीज, गारवा, तपासणी यांत वर्षे जातात आणि जगभर हे असेच चालते. इटलीत बोलोन्याला असलेला युरोपीय हवामान केंद्राचा संगणकही मिलानच्या आधीच्या रोम पिढीवर चालतो. तरी कोकणात चार पावसाळे म्हणजे चार पावसाळे.

परदेशी यंत्रांवरचे हे परावलंबन जुनेच. १९८० च्या दशकाअखेर मॉन्सूनच्या अंदाजासाठी दिल्लीत अमेरिकेचा क्रे संगणक आला, पण त्याहून ताकदवान यंत्र द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातलेही प्रोसेसर मात्र ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर. आता सी-डॅकने ‘ओम’ हा ९६ कोअरचा प्रोसेसर आखला आहे, आर्मच्या रचनेवर. त्यात मेमरी प्रोसेसरला अगदी खेटून बसवायची योजना आहे, आणि वरचा भागाकार केलेल्या कुणालाही त्यामागचे कारण समजेल.

अर्कचा उपयोग काय झाला? २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली, पाषाणच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेत घडवलेली. चौकोन ६ किलोमीटरचा. युरोपीय केंद्राचे जागतिक प्रारूप ९ किलोमीटरचे आहे. प्रत्युषवर ज्या हिशेबाला १० तास लागत, तो अर्कवर ४ तासांत होतो. पोलादपूर आणि प्रतापगड आता वेगवेगळ्या चौकोनांत पडतात; खोऱ्याला खोऱ्याची उंची मिळाली, घाटाला घाटाची. पण कोंडाळकरवाडी ६ किलोमीटरच्या चौकोनातही दिसत नाही. तिथली घळ दिसायला दीड किलोमीटरचा चौकोन धरला, तर काम चार गुणिले चार गुणिले चार, ६४ पट. शिवाय पाऊस सांगणे आणि दरड सांगणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. बेसॉल्टवरचा मातीचा थर किती जाड, उतार किती, आत पाणी किती मुरले, हे कुठल्याच प्रोसेसरला ढगांकडे बघून कळणार नाही. त्यासाठी त्या त्या डोंगरावर जाऊन मोजावे लागते.

महाडच्या पुराचे तसे नाही. तो बराचसा दोन आकड्यांचा खेळ आहे. बाणकोटच्या खाडीत भरती असली की सावित्रीचे पाणी ओसरत नाही, आणि भरतीची वेळ कोष्टकात वर्षभर आधी छापलेली असते. दुसरा आकडा घाटावरच्या पावसाचा, तोही तासाच्या हिशेबाने. जगभरच्या निरीक्षणांचा एक हप्ता आपल्याकडच्या पहाटे साडेपाचचा असतो. निरीक्षणे गोळा करायचा वेळ सोडला आणि हिशेबाला १० तास धरले, तर उत्तर दुपारी साडेतीनला हाती येते, ४ तास धरले तर सकाळी साडेनऊला. बाजारपेठेतल्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायला, गांधारी नदीकाठच्या घरातल्या म्हाताऱ्यांना हलवायला आणि पोलादपूरच्या तहसीलदाराला घाट बंद करायला मधले ते सहा तास दिवसाउजेडी मिळू शकतात. मात्र त्यासाठी पुण्यात साडेनऊला निघालेला आकडा जिल्ह्याच्या एका रंगात न मिसळता तालुक्याच्या, खोऱ्याच्या नावानिशी खाली यायला हवा.