दुकानदाराची तक्रार करावी का?

आमच्या आळीत वाण्याचे दुकान एकच. दुसरे हवे तर बसने वसईला जावे लागते. सुट्टे मागितले की काका गोळी देतात. मी एकदा तीच गोळी पैसे म्हणून परत दिली, तर घेईनात! मग तक्रार करावी का?

आई म्हणते, पावसात वाडीचे पैसे अडतात तेव्हा हेच काका उधार देतात. म्हणून गोळीचे दुकानातच नीट बोलावे. मला पण ते पटते. पण वजन आणि किंमत यांचे तसे नाही. पुड्यावरच्या कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. बाटली थंड दिली म्हणून दुकानदाराला २ रुपये जादा घेता येत नाहीत. वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, तो पालकांनी जरूर बघावा.

ग्राहकांनी एकत्र यावे म्हणून पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला, नवा २०१९ चा. आधी बोलावे, बिल मागावे. ऐकलेच नाही तर १९१५ वर फोन करावा. हे साल नव्हे, सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत.

दुकानाचे नाव मी लिहिले नाही. काकांची मुलगी आमच्याच शाळेत तिसरीत आहे.