भिंतीवरची बंदूक आणि पेटीतला कागद

खंडेनवमीला जुन्या वाड्यांतली भिंतीवरची बंदूक खाली उतरते. तिला तेल लागते, हळदकुंकू वाहिले जाते, नळीवर झेंडूची माळ पडते. घरातला म्हातारा नातवाला सांगतो, ही तुझ्या खापरपणजोबांची. बाजारात तिला फारशी किंमत येणार नाही, पण घरात तिचे मोल होत नाही. या भावनेची आम्हाला टिंगल करायची नाही. आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या लाकडावर नातू हात ठेवतो, तेव्हा त्याला जे वाटते ते खरेच असते. आमचा सवाल वेगळा आहे. आमच्या घरांच्या भिंतीवर अशी बंदूक का नाही?

आमच्या पूर्वजांनी बंदूक धरली नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची साक्ष कोरेगावचा स्तंभ आजही देतो. त्यावर कोरलेल्या नावांत 'नाक' या प्रत्ययाची महार सैनिकांची नावे आहेत. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी लष्करात, वडील रामजी लष्करात सुभेदार, आईचे माहेरही लष्करी पेशातले. खुद्द बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी बंदूक खांद्यावर वाहिली, त्यांच्या घरी ती का उरली नाही?

उत्तर साधे आहे. शिपायाची बंदूक सरकारची असते. नोकरी संपली की ती शस्त्रागारात जमा होते. शिपाई घरी येतो तो पेन्शनचा कागद आणि नशिबात असेल तर एखादे पदक घेऊन. वतनदाराची बंदूक मात्र त्याची स्वतःची. तिने एकही लढाई पाहिली नसली तरी ती वारसा ठरते. ज्याने रणांगणात गोळी झेलली त्याच्या नातवाला कागद, आणि ज्याने वाड्यात बसून शेतसारा गोळा केला त्याच्या नातवाला बंदूक!

यातही कायद्याचा हात होताच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे बंद केले. युरोपियनांना आणि बड्या राजेरजवाड्यांना मात्र सूट मिळाली. बाबासाहेबांच्या जन्माच्या पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, महारांची लष्करभरती थांबवली गेली. 'लढाऊ जाती'चे खूळ इंग्रजांच्या डोक्यात शिरले होते, आणि त्यांनी बनवलेल्या यादीत आमचे नाव नव्हते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज करून लष्कर आणि पोलिसात प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, महारांची पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली. अखेर १९४१ मध्ये, बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने, महार रेजिमेंट स्थापन झाली. बापाचा पेशा मुलाला मिळावा म्हणून ज्या समाजाला अर्ज करावे लागले, त्याच्या घरात वारसा बंदुकीच्या रूपाने कसा उतरणार?

आता आजचा कायदा पाहा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाहक्काने परवाना देण्याची खास तरतूद आहे. परवानाधारक वारला, सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, की वारसाला अर्ज करता येतो. २०१९ मध्ये केंद्र सरकारने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून एकवर आणायचे ठरवले, तेव्हा पिढीजात शस्त्रांचे काय, असा आवाज उठला आणि मर्यादा दोनवर स्थिरावली. कर्नाटकातील कोडगूमध्ये तर कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातूनच सूट आहे. तिथे कैलपोळ सणाला बंदुकीची पूजा होते. ही सूट जन्मावर आणि जमिनीवर आधारलेली आहे म्हणून तिला आव्हान दिले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे बंदुकीमागची भावना कायद्याला कळते. मग त्याच बंदुकीपुढे उभ्या असलेल्या माणसाची भीती कायद्याला कळते काय?

बिहारच्या लक्ष्मणपूर-बाथे गावात १ डिसेंबर १९९७ च्या रात्री जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ दलितांना गोळ्या घालून ठार केले. त्यात बायका होत्या, लेकरे होती. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टात शिक्षा झालेले सर्व २६ आरोपी निर्दोष सोडले. वाड्याच्या आतून पाहिले तर बंदूक म्हणजे आजोबांची आठवण; वस्तीतून पाहिले तर तीच बंदूक म्हणजे दहशत.

ही भीती कायद्याला ठाऊक आहे, एवढे मात्र आमच्या बांधवांनी लक्षात ठेवावे. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम वाचा. ज्या भागात अत्याचाराचा धोका आहे तिथे अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो सांगतो. वारसा परवान्याचा नियम वाड्यावर तोंडपाठ असतो. हा नियम आपल्या वस्तीत किती जणांनी वाचला आहे? घरोघरी बंदूक यावी, असे आमचे मागणे नाही. गावात तणाव वाढला की जिल्हाधिकाऱ्यांपुढे हा नियम ठेवा आणि भिंतीवरच्या बंदुका आधी जमा करायला लावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

आणि आपल्या पेटीतला तो कागद जपा. आजोबांचा पेन्शनचा दाखला, पदक, पलटणीतला पिवळा पडलेला फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. नातवाला तो दाखवून सांगा, ही तुझ्या खापरपणजोबांची नोकरी, आणि ती कोणी व का हिरावली तेही सांगा. रामजी सुभेदारांनी मुलाला बंदूक दिली नाही. पुस्तके घेण्यासाठी त्यांनी लेकीचे दागिने गहाण टाकले, आणि त्या पुस्तकांतून देशाची घटना लिहिणारा माणूस घडला.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी विजयादशमी येते. बंदूक पुन्हा खिळ्यावर चढते तेव्हा आमची माणसे नागपुरातल्या दीक्षाभूमीवरून परतत असतात. त्यांच्या पिशव्यांत पुस्तके असतात. आमच्या घरात पिढीजात चालावे असे काही असेल, तर ते हेच आहे.