वहीतले वाक्य कुणाचे?

प्राथमिक शाळेत लेखन म्हणून जे चालते त्यातले बहुतेक लेखन नसते; ते उतरवून काढणे असते. फळ्यावरचा मजकूर वहीत उतरतो, पुस्तकातला उतारा शुद्धलेखनाच्या वहीत उतरतो आणि चौथीपर्यंत आलेले मूल गाइडमधला निबंध परीक्षेच्या कागदावर उतरवते. अक्षराला वळण लागते. पण या चार वर्षांत त्याने स्वतःचे असे एक वाक्यही लिहिलेले नसते. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरबंदी होती, त्याच्या मुलांबाबत ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही. अक्षर मिळाले आणि वाक्य दुसऱ्याचेच राहिले, तर बंदी अर्धीच उठली असे म्हणावे लागेल.

यावर एक साधा उपाय आहे: प्रत्येक मुलाची एक रोजची वही आणि तिच्यासाठी रोज एक छोटा प्रश्न. वडशाजवळच्या एका शाळेत मी हा उपाय वापरत आलो आहे. त्यामागचा विचार आणि त्याची रीत येथे मांडतो.

लिहिताना मुलाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. काय सांगायचे ते ठरवणे, त्यासाठी शब्द शोधणे आणि ते शब्द हाताने कागदावर उमटवणे. सात वर्षांच्या मुलाला तिन्ही एकदम झेपत नाहीत. 'काहीही लिहा' म्हटले की पान कोरे राहते. 'हे उतरवा' म्हटले की पहिली दोन कामे मास्तरच करून टाकतो. प्रश्न मात्र पहिल्या कामाला नुसता टेकू देतो. बाकीचे मुलाला स्वतः करावे लागते.

वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे गाव. येथे रात्रभराची नाटके पाहणाऱ्याला प्रॉम्प्टर ठाऊक असतो. तो नटाला वाक्य पुरवतो आणि ते योग्यच आहे, कारण नाटकातले वाक्य लेखकाचे असते. वहीत मात्र मूल स्वतःच लेखक आहे. तेथे मास्तराने प्रॉम्प्टर व्हायचे नाही. पडदा उघडून द्यायचा आणि बाजूला व्हायचे.

चांगला प्रश्न कोणता? ज्याचे उत्तर गाइडमध्ये सापडत नाही आणि मुलापाशी असते, तो. 'मी पाहिलेले थंड हवेचे ठिकाण' हा विषय पांढरपेशा घराला गृहीत धरतो. आमच्याकडे मे महिन्यात मुले आईबापांबरोबर तेंदूपत्ता तोडायला रानात जातात आणि घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. त्यांना सहल विचारली तर ती खोटे लिहितील किंवा गप्प बसतील. त्याऐवजी विचारावे: आज घरात सगळ्यांत आधी कोण उठले? चिखलात पाय रुतला की आवाज कसा येतो? मंडईत तुला काय विकत घ्यावेसे वाटले? मोहाच्या दिवसांत पहिल्या प्रश्नाला एका मुलीने लिहिले होते: "माय उठली. अंधार होता. मोहफुलं वेचाले गेली." तीन वाक्ये, पण तिन्ही तिची.

'वेचाले' या शब्दावर मी लाल रेघ मारली नाही. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवणा हे शब्द अशुद्ध नाहीत. ते धान पिकवणाऱ्यांचे शब्द आहेत. वर्गात गोंडी बोलणारे मूल असेल तर त्याचा शब्दही वहीत आला पाहिजे. प्रमाण मराठी शिकवायचीच, कारण अर्ज, परीक्षा आणि कचेरी तिच्यातच चालते. पण ती घरच्या भाषेशेजारी ठेवून शिकवावी, घरच्या भाषेची लाज वाटायला लावून नव्हे.

रीत अशी. रोज दहा मिनिटे. पहिलीच्या मुलाने चित्र काढावे आणि बोलावे. त्याने सांगितलेले वाक्य मास्तराने जसेच्या तसे चित्राखाली लिहावे. दुसरीत एक-दोन वाक्ये, चौथीत पाच-सहा. गुण द्यायचे नाहीत. खाली एक प्रश्न लिहायचा: 'मग माय कधी परतली?' म्हणजे उद्याचे वाक्य तयार होते. शुद्धलेखनासाठी आठवड्यातून एक दिवस वेगळा ठेवावा आणि एका वेळी एकच चूक घ्यावी.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. 'तुझे वडील काय काम करतात?' हा प्रश्न निरागस नाही. भर वर्गात तो जात विचारण्याचाच प्रकार ठरतो. म्हणून रोज दोन प्रश्न द्यावेत, मुलाने एक निवडावा. पान दुमडले असेल तर ते कोणी, मास्तरानेही, वाचायचे नाही. आपले जगणे लिहिण्याचा हक्क जसा मुलाचा, तसा ते न दाखवण्याचा हक्कही त्याचाच.

हा विचार काही परका नाही. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता मांग-महारांचे दुःख. त्या शाळेने तिला अक्षर दिले आणि लिहायला तिचेच जगणे विषय म्हणून दिले. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ साली 'टीचर' या पुस्तकात आपली पद्धत मांडली. त्या प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारीत, तो कार्डावर लिहून देत आणि त्यावरूनच त्याचे वाचन-लेखन सुरू करीत. परक्या घराचे पुस्तक त्या मुलांच्या हाती आधी देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला हादरा दिला, तो लेखकांनी आपले वाक्य आपण लिहिले म्हणून. पण त्या वाक्यासाठी माणसाने तिशी-चाळिशीपर्यंत का थांबावे? विहारात, वस्तीत संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना म्हणूनच सांगणे आहे: बाराखडीची उजळणी चालू द्या, पण शेवटची दहा मिनिटे वहीसाठी राखून ठेवा. खर्च एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा आहे. प्रश्न मात्र आपल्याच गावातून शोधावे लागतील. ते छापील मिळत नाहीत.