हा दगड कुठल्या गावचा?

आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. धारवाडच्या माळमड्डीत अशी घरं पुष्कळ. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा मी मुलांना कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात, कन्नड संशोधन संस्थेच्या संग्रहालयात न्यायची. मुलं मूर्तींचे चेहरे न्याहाळत. मी त्यांना आधी विचारायला लावी, हा दगड कुठल्या गावचा? गावाचं नाव कळलं की कुणाचं आजोळ निघे, कुणाच्या मावशीचं सासर. मग तो दगड परका राहत नसे.

हे संग्रहालय उभं राहिलं त्यामागे इथल्या माणसांची मोठी तळमळ आहे. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कन्नडसाठी काही करावं म्हणून रा. ह. देशपांडे यांनी १८९० साली इथे कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला. पुढे आलूर वेंकटराव यांनी इतिहास मंडळ सुरू केलं आणि १९१७ साली कर्नाटकाच्या वैभवाचा इतिहास सांगणारा ‘कर्नाटक गत वैभव’ हा ग्रंथ लिहिला. टिळकांचं ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेलं तेही त्यांनीच. अशी जमीन तयार झाल्यावर १९३९ मध्ये मुंबई सरकारने कन्नड संशोधन संस्था स्थापन केली. आर. एस. पंचमुखी तिचे संचालक झाले. गावोगावचे कोरीव लेख वाचून छापण्याचं काम सुरू झालं आणि १९४१ साली त्या लेखांचा पहिला खंड निघाला. पुढे ही संस्था कर्नाटक विद्यापीठाकडे आली.

इथे मूर्ती आहेत, ताम्रपट आहेत, जुन्या पोथ्या आहेत. पण माझा पाय अडतो तो वीरगळापाशी, म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीच्या दगडापाशी. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई. तिथे गाई कोरलेल्या असल्या, तर गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो माणूस पडला असं समजावं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते असेपर्यंत त्याचं नाव राहावं म्हणून. चौकटींमधल्या पट्ट्यांवर कधी त्याचं नाव, गाव आणि साल असतं. राजाच्या प्रशस्तीत ज्याला कधी जागा मिळाली नसती, अशा माणसाचं नाव गावाने दगडात जपलं.

झिजलेली अक्षरं वाचायची कशी? त्यासाठी ठसा घेतात. दगड पाण्याने आणि ब्रशने घासून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर पसरायचा आणि ब्रशने ठोकत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत बसतो. तो थोडा सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. सपाट भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात आणि अक्षरं उठून दिसतात.

अशा वाचनातूनच धारवाडजवळच्या नरेंद्र गावाची जुनी ओळख पटली. तिथल्या ११२५ सालच्या लेखात गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी भेटतो. आज आपण कोकण, गोवा आणि धारवाड वेगवेगळ्या राज्यांत मोजतो; त्या काळी हा मुलूख एकाच राजाच्या अमलाखाली होता. सीमाभागातल्या भाषेच्या भांडणांत वाढलेल्या पिढीने हा लेख जरूर समजून घ्यावा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांनाही हे सगळं लागू आहे, कारण वीरगळ त्यांच्याही शिवारात उभे आहेत. देवळाच्या डागडुजीत त्यांना ऑइलपेंट फासलेलं किंवा सिमेंटमध्ये बसवलेलं मी पाहिलं आहे. रंगाने अक्षरांच्या खाचा भरल्या की वाचणं फार कठीण होतं. म्हणून एवढं करा: दगडाला रंग लावू देऊ नका, तो जागचा हलवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडतं तेव्हा त्याचा फोटो काढा. त्या उजेडात पुसट अक्षरंही दिसतात. फोटोखाली गावाचं आणि जागेचं नाव लिहा आणि तो पुरातत्त्व खात्याकडे किंवा जवळच्या विद्यापीठातल्या इतिहास विभागाकडे पाठवा. जागा माहीत असलेला एक वीरगळ अभ्यासकाला गावाची आठ-नऊशे वर्षांची गोष्ट सांगू शकतो.